जुन्या कुपीतील मोतिया

पंचेंद्रियांपैकी डोळे व कान यांचे शिक्षण शाळेत यथास्थित होते. हातास चित्रकलेच्या तासाला थोडेबहुत काम मिळते, आणि जिभेची सोय मधल्या सुटीतला डबा करितो. नाक मात्र दहा वर्षे शाळेत येते आणि जसे आले तसेच परत जाते. त्यास पाठ्यपुस्तक नाही, गृहपाठ नाही, परीक्षा तर नाहीच नाही. प्रयोगशाळेत कोणी अमोनियाची बाटली उघडी टाकली म्हणजे साऱ्या वर्गास आपणांस नाक असल्याची आठवण होते, आणि तीही तक्रारीच्या रूपाने.

गेल्या मे महिन्याच्या सुटीत एका जुन्या अत्तराची परीक्षा करण्याचे काम आमच्याकडे आले. उत्तरपत्रिका तपासण्यात आमची वीस वर्षे गेली आहेत. परंतु वाचता वाचता जिची अक्षरे हवेत विरून जातात अशी उत्तरपत्रिका आमच्या हाती ही पहिलीच पडली. त्या परीक्षेची हकीकत विद्यार्थिमित्रांस व त्यांच्या पालकांस ऐकाविशी वाटेल, म्हणून येथे देत आहोत.

अत्तर आमच्या मातोश्रींचे. १९७४ साली त्यांचा विवाह झाला, त्याच वर्षी वडील काही कामानिमित्त हैदराबादेस गेले होते. त्या काळी वाशीमवरून मीटरगेजची गाडी पूर्णेमार्गे काचीगुड्यास जात असे. परत येताना त्यांनी चारमिनारजवळच्या अत्तरवाल्यांकडून एक तोळा मोतियाचे अत्तर आणिले. मोतिया म्हणजे मोगराच. टपोऱ्या मोत्यासारख्या कळीवरून हे नाव पडले. कुपी कातीव काचेची असून तिचे बूचही काचेचे आहे, आणि बुचाला खाली एक बारीक कांडी आहे. ती अत्तरात बुडवून मनगटास टेकवावयाची, एवढाच त्याचा विधी.

आई मिशनच्या दवाखान्यात परिचारिका होती. कामावर असताना अंगास सुवास लावणे रोग्यांस बाधते, असा तिचा नियम असे. सहा दिवस फिनेल, स्पिरिट आणि उकळलेल्या कापडाचा वास. सातव्या दिवशी मंदिरात साधा साबणाचा. अत्तर बाहेर निघावयाचे ते नाताळास, पुनरुत्थानाच्या सणास आणि घरच्या लग्नकार्यास. यामुळे इतक्या वर्षांतही ती कुपी रिकामी झाली नाही. वडील जाऊन बरीच वर्षे झाली, तरी तळाशी तिसरा हिस्सा अत्तर अजून होते. रंग मात्र फिकट पिवळ्याचा गर्द मधासारखा झालेला.

२०२१ च्या एप्रिलात, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, आईस तो आजार झाला. प्रभुकृपेने ती वाचली. परंतु वास गेला तो गेलाच. या रोगाचा विषाणू नाकातील वास ओळखणाऱ्या पेशींना आधार देणाऱ्या शेजारच्या पेशींवर घाला घालतो, असे शास्त्रज्ञांस आढळून आले आहे. बहुतेकांचा वास काही आठवड्यांत वा महिन्यांत परत येतो, थोड्यांचा येत नाही. आई त्या थोड्यांपैकी. फोडणी करपली तरी आता तिला धूर डोळ्यांना झोंबल्यावर कळते. याविषयी ती कुरकुर करीत नाही. दवाखान्यात तिने याहून मोठी दुःखे पाहिली आहेत. परंतु मे महिन्यात कपाट आवरताना ती कुपी हाती आली, तेव्हा तिने बूच काढून नाकाशी नेले, थोडा वेळ तशीच बसली आणि मग कुपी आमच्यापुढे धरिली. आई घरात वऱ्हाडीच बोलते. ती म्हणाली, “मले काहीच येत नाही. तुले येते ना? मंग तू लाव, अन् मले सांग.”

हे सांगणे वाटते तितके सोपे नाही, हे लवकरच ध्यानात आले.

प्रथम मोगऱ्याविषयी. पांढऱ्या सुवासिक फुलांचे एक मोठे कुटुंब आपल्या अंगणात नांदते : मोगरा, जाई, जुई, सायली, अनंत, पारिजातक, निशिगंध. शास्त्राच्या दृष्टीने ही सारी काही एका कुळातली नव्हेत. मोगरा, जाई, जुई ही खरी भावंडे. निशिगंध तर दूर मेक्सिकोहून आलेला पाहुणा, जो आता आपल्या लग्नमांडवातून हलावयास तयार नाही. परंतु या फुलांची एक रीत समान आहे. रंगाचा थाट न करिता ती बहुधा संध्याकाळनंतर उमलतात व अंधारात सुगंधाने आपला पत्ता सांगतात, कारण त्यांच्याकडे येणारे पतंग रात्री हिंडणारे असतात. म्हणूनच मोगऱ्याची कळी उमलण्यापूर्वी खुडावी लागते. उमललेले फूल अत्तरवाल्याच्या दृष्टीने निम्मे खर्च झालेले असते.

अत्तर काढण्याची आपली जुनी रीत उत्तरेकडे कनौज येथे अद्याप चालू आहे. तांब्याच्या मोठ्या देगेत फुले व पाणी घालून वरचे झाकण मातीने लिंपून बंद करितात. देगेतून एक बांबूची नळी निघते, तीस चोंगा म्हणतात. ती थंड पाण्यात ठेविलेल्या दुसऱ्या भांड्यात उतरते. त्या भांड्याचे नाव भपका. भपक्यात अगोदरच चंदनाचे तेल घातलेले असते. फुलांची वाफ नळीवाटे येऊन थंड होते आणि तिच्यातील सुगंध चंदनाच्या तेलात मुरतो. दुसऱ्या दिवशी नवी फुले, तेच चंदन. तिसऱ्या दिवशी पुन्हा नवी फुले. असे कैक दिवस चालते. मराठीत आपण पोकळ दिमाखास भपका म्हणतो, आणि अंगावर येणाऱ्या वासासही भपका म्हणतो. ज्या भांड्यात सुगंध गुपचूप मुरतो त्याचे नावही हेच असावे, ही भाषेची थट्टा आम्हांस फार आवडली. यापेक्षा स्वस्त रीत फुलेलाची : तिळांचे व फुलांचे थर एकावर एक रचावयाचे, फुले बदलीत राहावयाचे, आणि मग तीळ घाण्यावर गाळावयाचे. चमेलीचे तेल असे होई.

येथे चंदनाचे काम काय, असे कोणी विचारील. फुलांचा सुगंध स्वभावतः पळपुटा आहे. त्यास धरून ठेवणारे काहीतरी जड, शांत आणि दीर्घायुषी लागते. चंदन ते करिते, कस्तुरीही करिते. आपल्याच जिल्ह्यात, कारंज्यात, कस्तुरीच्या हवेलीची आख्यायिका आहे. एक व्यापारी उंटांवर कस्तुरी लादून आला, ती कोणी घेईना. तेव्हा तेथील एका धनाढ्याने गावाची अब्रू राखण्यासाठी सारी कस्तुरी खरीदली आणि आपल्या चालू बांधकामाच्या चुन्यात कालवून टाकिली, असे सांगतात. उंटांच्या संख्येविषयी सांगणारे उदार असतात. आख्यायिका आख्यायिकेच्या जागी. परंतु जिथे गुलाबाच्या किंवा मोगऱ्याच्या हवेलीची कथा कोणी रचिली नसती, तिथे कस्तुरीच्या हवेलीची रचिली, यात लोकांस वस्तुगुणाची पारख होती एवढे दिसते. भिंतीत फूल टिकत नाही.

आता परीक्षा. पहिल्या दिवशी सकाळी सात वाजता स्नानानंतर आम्ही कांडीने एक थेंब डाव्या मनगटावर लाविला. चोळला नाही, चोळल्याने हातास ऊब येऊन वरचा सुवास झपाट्याने उडतो. शेजारी वही, पेन्सिल आणि घड्याळ. समोर खुर्चीवर आई, दोन्ही हात मांडीवर ठेवून, जणू तोंडी परीक्षेस बसलेली. वस्तुतः परीक्षा आमची होती.

पहिल्या क्षणी जे नाकास आले ते फूल नव्हेच. जुन्या सागवानी खणाचा, किंचित् तेलकट, विझलेल्या कंदिलाच्या काचेसारखा वास. आम्ही तसे सांगितले. आईची मुद्रा पडली. पाच-सात मिनिटांनी तो पडदा दूर झाला आणि आतून मोगरा आला. पण गजऱ्यातला मोगरा नव्हे. दाट, सायीसारखा, गोड, त्यात पिकल्या केळ्याची एक छटा. तासाभराने त्या गोडीखाली एक उग्र दर्प जाणवू लागला : डांबराच्या गोळ्यांसारखा, काहीसा प्राण्याच्या अंगासारखा. हा दोष नव्हे. मोगऱ्याच्या व जाईच्या सुगंधात इंडोल नावाचे द्रव्य असते, तेच विष्ठेतही असते. फार झाले तर नाक मुरडावे, अल्प प्रमाणात असले तर त्यावाचून फूल कागदी वाटते. नववीच्या विज्ञानाच्या शिक्षकांनी यास दुजोरा दिला आणि वर हसून म्हणाले की, हे मुलांना सांगू नका, गजऱ्यांचा खप कमी होईल. आम्ही मुद्दाम सांगत आहोत.

दुपारी पारा त्रेचाळिसांवर. वाळ्याच्या टट्टीवर पाणी मारलेले, अंगणात चिमणी नाही. अशा वेळी बाजारातले तीव्र विलायती सुवास डोके उठवितात. या अत्तराने उलट केले : मोगरा मागे सरला, चंदन पुढे आले, आणि मनगटापाशी माठातल्या पाण्यासारखा गारवा वाटू लागला. उन्हाळ्यात वाळा व मोगरा आणि हिवाळ्यात हिना, ही जुन्या लोकांची वाटणी उगीच नव्हती. रात्री दहा वाजता फूल जवळजवळ संपले होते. मऊ, दुधाळ चंदन मात्र होते. दुसऱ्या दिवशी सकाळी सदऱ्याच्या बाहीवर ते तसेच होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही तुलना केली. संध्याकाळी बालाजी मंदिराच्या वाटेवरून मोगऱ्याच्या कळ्या आणून वाटीत ठेविल्या आणि दुसऱ्या मनगटावर अत्तर लाविले. रात्री आठच्या सुमारास कळ्या उमलल्या. जिवंत मोगऱ्यात एक तीक्ष्ण, हिरवा, लिंबाच्या पानासारखा उत्साह असतो. तो जुन्या अत्तरात लवमात्र नव्हता. तिसऱ्या दिवशी एक नवे, स्वस्त मोगऱ्याचे अत्तर आणून लाविले. त्यात तो हिरवेपणा होता, गोडी होती, स्वच्छता होती. परंतु दीड तासात ते सारे आटोपले आणि मागे काहीच राहिले नाही, रिकाम्या वर्गासारखे.

तेव्हा आमचा निर्णय असा की, ‘जुने ते सोने’ ही म्हण येथे सरसकट लावू नये. मोगरा म्हणून नवे अत्तर जुन्याहून अधिक खरे होते. जुन्याने मोगऱ्याचा आरंभ गमावला आहे; जे सुगंधकण हलके असतात ते कितीही घट्ट बूच लाविले तरी वर्षानुवर्षे निसटत जातात, आणि काही हवेच्या संसर्गाने बिघडतात. तो कंदिलाच्या काचेचा वास त्या बिघाडाचाच. परंतु दिवसभर सोबत राहण्याचा गुण विचाराल तर नवे जुन्याच्या पासंगासही पुरत नाही. याचे कारण कारागिरापेक्षा झाडात अधिक आहे. चंदनाच्या गाभ्यात तेल भरण्यास काही दशके लागतात. म्हैसूर संस्थानाने १९१६ साली चंदनतेलाचा कारखाना काढिला तेव्हा जंगले भरलेली होती. पुढे बेसुमार व चोरट्या तोडीने ती ओस पडली, आणि १९९८ साली चंदनवृक्षाची गणना जगातील धोक्यात आलेल्या वृक्षांत झाली. तेल इतके महागले की स्वस्त अत्तरात चंदनाऐवजी खनिज तेल वा तत्सम निर्गंध द्रव्य घालू लागले. त्यात सुगंध विरघळतो, पण मुरत नाही.

हे सारे आईस सांगावयाचे होते, आणि येथेच आमची खरी पंचाईत. आम्ही मराठी शिकवितो. शब्दांची उणीव आम्हांस भासू नये. मोजून पाहिले. चांगल्या वासास सुवास, सुगंध, परिमळ, दरवळ, घमघमाट. वाईटास दर्प, उग्र, कुबट, खवट, आंबूस, ओशट, करपट, भपकारा. वाइटाची यादी लांब आणि नेमकी, चांगल्याची आखूड आणि ढोबळ. खवट म्हटले की जुने खोबरे डोळ्यांपुढे येते. परिमळ म्हटले की काहीच येत नाही. पूर्वी हे शास्त्र मराठीत इतके दरिद्री नसावे. पुण्याच्या भांडारकर संस्थेतील थोर अभ्यासक परशुराम कृष्ण गोडे यांनी ‘गंधसार’ व ‘गंधवाद’ या सुगंधशास्त्रावरील जुन्या ग्रंथांकडे विद्वानांचे लक्ष वेधिले. त्यांपैकी ‘गंधवादा’वर जुन्या मराठीत टीका लिहिलेली आहे. हे ग्रंथ १९८९ साली बडोद्याहून छापून निघाले. म्हणजे द्रव्ये कशी निवडावी, कुटावी, भिजवावी, हे मराठीत लिहून ठेवणारे लोक होते. आता ते शब्द अत्तरवाल्यांच्या दुकानांत काही उरले असतील तेवढेच.

जून महिन्यात शाळा उघडल्यावर आम्ही टिपकागदाच्या पट्ट्यांवर किंचित् अत्तर लावून नववीच्या वर्गात नेले, आणि नाव न सांगता प्रत्येकाने एक वाक्य लिहावे असे सांगितले. ‘छान वास’, ‘चांगला वास’, ‘फार छान वास’ अशी तीस एक वाक्ये आली; ती आमच्या अध्यापनाची फळे होत. एकाने लिहिले, ‘आजीच्या ट्रंकेतला वास’. एकाने ‘थंड वास’ एवढेच लिहिले. उन्हातून चालत येणारा मुलगा तो, त्याचे नाक खरे बोलले. आणि मागच्या बाकावरील एका मुलीने, जी एरवी वर्गात तोंड उघडीत नाही, लिहिले : ‘लग्न लागून गेल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मांडवात येतो तसा.’

त्या वाक्यास आम्ही पैकीच्या पैकी गुण दिले. कोमेजलेल्या माळा, सांडलेले गुलाबपाणी, उन्हात तापू लागलेले कापड, आणि पाहुणे निघून गेलेले : आमच्या वहीतील तीन दिवसांची टिपणे त्या एका ओळीत होती.

घरी येऊन ते वाक्य आईस वाचून दाखविले. ती प्रथम हसली, मग म्हणाली, “हो, हे बरोबर हाय. पण पहिल्या दिवशीचा कसा होता, ते त्या पोरीले काय माहीत.” आणि ती सांगू लागली. आमच्या प्रत्येक टिपणास तिची दुरुस्ती होती. “देठाचा हिरवा वास कुठी गेला? बूच काढलं की पहिले तोच येये.” मग म्हणे, केळ्याचा नव्हे, दवाखान्यामागच्या बागेत पाणी सोडले म्हणजे ओल्या मातीवर गळून पडलेल्या फुलांचा. मग म्हणे, चंदन पूर्वी इतके पुढे नसे; ते रात्री, झोपताना, उशीवर कळे. वडील ते लावून देताना नेहमी कांडी अधिक बुडवीत आणि ती त्यांस रागावत असे, हेही तिने त्या ओघात सांगितले. चार वर्षे जिला कसलाही वास आलेला नाही ती बाई, समोर कुपी घेऊन बसलेल्या मुलास, तुझा वास चुकतो आहे असे सांगत होती. आणि तिचे खरे होते. ताज्या कळ्यांच्या वाटीशी आम्ही जे ताडून पाहिले होते ते तिने न हुंगता सांगितले. कुपीत अत्तराचा उत्तरार्ध राहिला होता, पूर्वार्ध तिच्यापाशी होता. आम्ही दोघांनी मिळून वहीची चार पाने भरिली.

वाशीमकरांस असला व्यवहार नवा नाही. आपले गाव म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. १९३९ साली येथेच सापडलेल्या ताम्रपटाने ही शाखा इतिहासास ठाऊक झाली. तिचा संस्थापक सर्वसेन, चौथ्या शतकातला, स्वतः कवी होता. त्याने ‘हरिविजय’ नावाचे प्राकृत काव्य रचिले. त्याचा विषय असा की, श्रीकृष्णाने सत्यभामेसाठी इंद्राच्या स्वर्गातून पारिजातकाचा वृक्ष आणिला. एका पांढऱ्या सुवासिक फुलाच्या झाडासाठी देवांशी भांडण, आणि त्यावर आपल्या गावच्या राजाचे काव्य! ते काव्य आज मिळत नाही. नवव्या शतकात काश्मिरात आनंदवर्धनाने, पुढे माळव्यात भोजाने व आणखी काही पंडितांनी त्याचा उल्लेख केला, त्यातली पद्ये उदाहरणादाखल उतरून घेतली. तेवढ्यावरून आज त्याची ओळख पटते. ज्यांनी वाचले त्यांनी सांगून ठेविले, म्हणून एवढे तरी आहे.

परदेशांत लोक याच कामासाठी केवढी व्यवस्था करितात पाहा. फ्रान्समध्ये व्हर्साय येथे १९९० साली ‘ऑस्मोथेक’ नावाचे सुगंधांचे संग्रहालय स्थापन झाले. बाजारातून नाहीसे झालेले सुवास तेथे बारा अंश उष्णतेवर, अंधारात, बाटलीत आर्गॉन वायू भरून राखितात, म्हणजे हवेतील प्राणवायू त्यांस बिघडवीत नाही. पांढऱ्या फुलांचे सुवास त्या देशात मोठ्या मानाचे. पातू यांच्या पेढीचे १९३० सालचे ‘जॉय’ घ्या : त्याच्या एका औंसास दहा हजार सहाशे चमेलीची फुले लागतात अशी त्या पेढीची प्रौढी असे. जर्मेन सेलिए नामक बाईंनी १९४८ साली रचिलेला ‘फ्राका’ हा सुवास तर निशिगंधाचा, म्हणजे आपल्या गुलछडीचा. असल्या जुन्या बाटल्या शोधून, लावून, त्यांचे गुणदोष लिहिणारे शौकीन जगात पुष्कळ आहेत. आमच्या मातोश्रींच्या कुपीने मात्र पन्नास वऱ्हाडी उन्हाळे कापसात गुंडाळून बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात काढिले. आर्गॉन वायू नाही, बारा अंश तर डिसेंबरच्या पहाटेसही क्वचित्. ज्यांच्या घरी अशी एखादी कुपी असेल त्यांनी ती निदान खिडकीपासून व दिव्यापासून दूर, अंधारात आणि उभी ठेवावी. बूच वरचेवर काढून पाहू नये.

हा उपदेश आम्ही घरीही केला. आमचे मत असे पडले की, उरलेले अत्तर आता जपावे, वर्षाकाठी एक थेंब लावून नोंद करावी. आईस ते मुळीच मान्य झाले नाही. थोरल्या बहिणीच्या मुलीचे लग्न नोव्हेंबरात ठरले होते. आईने सांगून टाकिले की त्या दिवशी अत्तर निघेल. “संपून जाईन,” आम्ही तिच्याच बोलीत म्हणालो. “संपलं त संपलं. कोणासाठी ठेवू? मले त येत नाही.” बेथानीच्या घरी मरीयेने जटामांसीचे मोलवान सुगंधी तेल ओतिले तेव्हाही एकाने हिशेब काढिला होता, तीनशे दिनारांचा, हे आम्ही धर्मशिक्षणाच्या तासाला दर वर्षी शिकवितो, आणि तो हिशेब काढणारा कोण होता हेही शिकवितो. जटामांसी हिमालयात उगवते. तिथून पॅलेस्टाईनपर्यंत तिचा प्रवास झाला, मग ती महाग का नसावी. तरीही आमच्या मते, चार थेंब मागे ठेवण्यात पाप नव्हते. चार ठेवावे असे ठरले. आईने दोनावर तडजोड केली.

लग्नाच्या सकाळी आईने स्वतः नवरीच्या दोन्ही मनगटांस कांडी लाविली, तीही वडील बुडवीत तशी, अधिकच. उरलेल्याचे कापसाचे फाये करून वाटले. उपासना आटोपल्यावर मंडपात जेवणाची पाने मांडली जात होती. हिंगोलीकडील एक दूरची आत्या, आईहून पाच-सहा वर्षांनी मोठी, हातात काठी घेऊन आमच्या ओळीपाशी थांबली आणि इकडेतिकडे पाहून म्हणाली, “हा मोगरा कोणं आणला या दिवसांत?” नोव्हेंबरात मोगरा कोठला! आईने शेजारची खुर्ची ओढली, तिला हात धरून बसविले, आणि म्हणाली, “बसा आत्याबाई. कसा येते, ते मले नीट सांगा.”